दुर्गम भागातल्या छोट्या विद्यापीठाच्या गावी राहायला जावं का? ठरवण्याआधी काय तपासायचं?

काठावर

नवऱ्याला एका छोट्या गावातल्या विद्यापीठाने सहायक प्राध्यापकाची जागा देऊ केली आहे. गावाची वस्ती वीसेक हजार, आणि सत्र चालू असताना त्यातले जवळजवळ निम्मे विद्यार्थी. मोठं शहर गाडीने तीन तासांवर, मध्ये घाट. विमानतळ आहे पण छोटा. पद टेन्युअरच्या वाटेवरचं आहे, म्हणजे कायम करायचं की नाही ते सहाव्या वर्षी ठरणार. होकार-नकार कळवायला तीन आठवडे आहेत.

माझं काम घरून चालतं, दिवसाला तीन-चार व्हिडिओ कॉल असतात. मुलगी आठ वर्षांची आहे. सासूबाई (वय ७१) आमच्याबरोबरच येतील. त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, शिवाय हृदयात एक स्टेंट आहे.

नवरा मुलाखतीच्या निमित्ताने गाव पाहून आलाय आणि खूश आहे. शांत आहे, झाडं आहेत, लोक आपुलकीने बोलतात, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. हे सगळं खरं असेलच, पण तेवढ्यावर घर हलवायचं का, हे मला ठरवता येत नाहीये. दवाखाना, इंटरनेट, घर, शाळा यांबद्दल नेमकं काय विचारायचं, कुणाला विचारायचं? घर लगेच विकत घ्यावं का? आणि नाहीच जमलं तर परतीची वाट कशी मोकळी ठेवायची?

घाटमाथा

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट: गाव तुमच्या नवऱ्याच्या नजरेने जोखू नका. त्यांचा दिवस विद्यापीठ भरून काढणारच आहे. ग्रंथालय, व्यायामशाळा, सहकारी, कार्यक्रम सगळं त्यांच्या ओळखपत्रावर मिळतं. अशा गावांतून कुटुंबं परत जातात ती बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्या माणसाचा दिवस लागत नाही म्हणून. तेव्हा मंगळवारी सकाळी दहा वाजता तुम्ही कुठे असाल, सासूबाई कुठे असतील, हे डोळ्यांसमोर आणून प्रश्न विचारायला लागा.

मुलाखतीची भेट ही आखून दिलेली असते. ती सत्र चालू असताना, हवा बरी असताना आणि जेवणाखाण्याची सोय यजमानांकडे असताना होते. गावाची खरी परीक्षा लांबच्या सुट्टीत असते. निम्मी वस्ती निघून गेली की बस सुट्टीच्या वेळापत्रकावर येते, काही दुकानं बंद ठेवतात, काही अर्धा दिवस उघडतात. त्या आठवड्यांत जे चालू राहतं तेच तुमचं गाव. बाकीचं विद्यार्थ्यांसाठी आहे. म्हणून जमलं तर एक चक्कर सुट्टीत किंवा वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेच्या दिवसांत करा. एकच चक्कर शक्य असेल तर तीच. नवऱ्याने पाहिलेलं गाव पुन्हा पाहण्यात अर्थ नाही.

किमान आठ-दहा दिवस राहा, हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेल्या घरात, आणि तिथूनच नेहमीसारखं काम करा. त्या दिवसांत मुद्दाम काही कामं काढा. दवाखान्यात नवा रुग्ण म्हणून वेळ मागा, इलेक्ट्रिशियनला फोन करून कधी येईल ते विचारा, एक पार्सल मागवून किती दिवसांत येतं ते बघा, आणि रात्री घाट उतरून मोठ्या शहराच्या रुग्णालयापर्यंत एकदा गाडी चालवून बघा. नकाशातले तीन तास दिवसाचे आणि कोरड्या रस्त्याचे असतात. रस्ते खात्याकडे घाट वर्षातून किती दिवस बंद असतो याची नोंद असते, ती मागा. बंद असताना पर्यायी रस्ता किती लांबचा, हेही तिथेच कळतं.

विमानाचं वेळापत्रक तीन वेगवेगळ्या तारखांचं बघा: सत्राचा मधला आठवडा, सत्र संपण्याचा आठवडा आणि सुट्टी. दिवसाला दोनच उड्डाणं असतील तर एक रद्द झालं की दुसऱ्या दिवशीपर्यंत अडकलात. सत्र संपताना जागा मिळत नाहीत. आणि मार्ग सरकारी अनुदानावर चालत असेल तर त्या अनुदानाची मुदत कधीपर्यंत आहे ते विचारा, कारण मुदत संपली की असे मार्ग गळतात.

आणखी एक, गावाची सरकारी आकडेवारी वाचताना जपून. अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांत जनगणनेत विद्यार्थी सत्रकाळात राहतात तिथले धरले जातात. त्यामुळे गाव कागदावर फार तरुण आणि फार गरीब दिसतं. सरासरी उत्पन्न बघून घाबरू नका आणि तरुण वस्ती बघून हुरळूनही जाऊ नका. २५ ते ६० वयोगट वेगळा काढून बघा. तुमचे शेजारी आणि मुलीच्या मैत्रिणींचे आईवडील त्याच गटात आहेत.

नाडीपरीक्षा

सासूबाईंच्या बाबतीत "गावात हॉस्पिटल आहे का" हा प्रश्न पुरेसा नाही. अशा बहुतेक गावांत हॉस्पिटल असतंच. तिथे काय होतं आणि रात्री दोन वाजता काय होतं, हे विचारायचं.

स्टेंट असलेल्या व्यक्तीसाठी हृदयविकाराचा झटका हा पहिला प्रसंग धरा. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर ती अँजिओप्लास्टीने उघडणं सगळ्यात चांगलं. पण ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत ते होणार नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं आणि मग मोठ्या केंद्रात हलवायचं, अशी वैद्यकीय पद्धत आहे. तुमचं शहर तीन तासांवर. म्हणजे इंजेक्शन गावातच मिळायला हवं. आपत्कालीन विभागाला थेट विचारा: ते इंजेक्शन इथे देतात का, रात्री ईसीजी कोण वाचतं, दूरच्या हृदयतज्ज्ञाला तो लगेच पाठवायची सोय आहे का?

दुसरा प्रसंग पक्षाघाताचा. त्यात गुठळीवरचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनवर दिसावं लागतं. सीटीचं यंत्र असणं आणि ते चोवीस तास चालवणारा तंत्रज्ञ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री तंत्रज्ञ इमारतीत असतो की घरून बोलावतात, हे विचाराच.

मग रुग्णवाहिका. इथे लोक हमखास चुकतात. रात्रपाळीला रुग्णवाहिका किती, एवढंच विचारून थांबू नका. एकच असेल आणि ती कुणाला शहरात पोचवायला निघाली, तर जाऊन-येऊन सहा तास गावात रुग्णवाहिका नाही. त्या वेळात शेजारच्या गावाची गाडी येते का आणि किती वेळात येते? हेलिकॉप्टरची सोय असेल तर चांगलंच, पण ती पहिली सोय धरू नका. धुकं, वादळ, बर्फ असताना ते उडत नाही, आणि घाटही नेमका तेव्हाच बंद असतो.

रोजच्या उपचाराचं म्हणाल तर विद्यापीठाचं आरोग्यकेंद्र बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांपुरतंच असतं, तेव्हा ते हिशोबातून वगळा. गावातल्या डॉक्टरांकडे नवे रुग्ण घेणं चालू आहे का, पहिली तारीख किती आठवड्यांनी, हे फोनवर कळतं. हृदयतज्ज्ञ महिन्यातून एकदा येत असतील तर स्टेंटच्या नियमित तपासणीला तेवढं पुरतं. मधुमेहासाठी वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी कुठे होते तेही बघून ठेवा.

इन्सुलिनचा साठा: नेमकं तेच इन्सुलिन औषधवाल्याकडे कायम असतं की मागवावं लागतं? मागवावं लागत असेल तर घरात किमान महिन्याचा जादा साठा ठेवा. न उघडलेलं २ ते ८ अंश सेल्सिअसला. वापरायला काढलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन खोलीच्या तापमानाला सुमारे २८ दिवस टिकतं, नक्की मुदत वेष्टनावर असते. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज चारेक तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज जात असेल तर फ्रिजपुरता बॅकअप लागेल.

हे सगळं विचारल्यावर इंजेक्शन आणि रात्रीचा सीटी या दोन्हींचं उत्तर "नाही" आलं, तर माझ्या मते सासूबाईंना घेऊन तिथे जाऊ नये. बाकी कशातही तडजोड करता येते, इथे नाही.

तारायंत्र

तुमच्या कामापुरतं इंटरनेटचं बोलतो. "गावात फायबर आहे" हे वाक्य निरुपयोगी आहे. तुम्ही घेणार त्या घराच्या दारापर्यंत आहे का, हे कंपनीकडून त्या पत्त्यावर लेखी घ्या. शेवटच्या टप्प्यात रस्ता खणायचा असेल तर परवानगी आणि काम यांत महिने जातात.

वेग बघताना डाउनलोडच्या आकड्याकडे बघू नका. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना साधारण ३-४ एमबीपीएस लागतात. तुमचा कॉल, नवऱ्याचा कॉल आणि मुलीचं काही चालू, असं धरून अपलोड २० तरी हवा. वेगापेक्षाही घात होतो तो पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वाटेत हरवण्याने आणि ते पोचायच्या वेळेतल्या चढउताराने. चाचणीच्या मुक्कामात रात्री आठ ते दहा या वेळात, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाबाहेरच्या घरांतून जोडलेले असताना, हजार पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारे छोटे संदेश) पाठवा. एक टक्क्याहून जास्त हरवले किंवा चढउतार ३० मिलिसेकंदांच्या वर गेला तर कॉलवर आवाज तुटणार. ही चाचणी केबल लावून करा. वायफायवर केली तर दोष घरातल्या भिंतीचा की लाइनचा, ते कळणार नाही.

आता पर्यायी जोडणी. लोक फायबरबरोबर दुसऱ्या कंपनीचं मोबाइल डेटा ठेवतात आणि निर्धास्त होतात. दुर्गम गावात दोन्ही कंपन्यांची वाहतूक बऱ्याचदा एकाच रस्त्याकडेच्या एकाच केबलवरून बाहेर जाते. जेसीबीने ती तोडली की दोन्ही एकदम बंद. गावाला दोन वेगळ्या दिशांनी केबल येते का, हे विद्यापीठाच्या संगणक विभागातल्या माणसाला अचूक माहीत असतं. नवऱ्यामार्फत त्यालाच विचारा. एकच वाट असेल तर दुसरा पर्याय उपग्रहाचा. त्यातही फरक आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतो, विनंती जाऊन उत्तर यायला व्यवहारात ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, कॉलवर दोघं एकदम बोलायला लागतात. साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेत हाच वेळ बहुधा ५० मिलिसेकंदांच्या आत राहतो, पण डिशला मोकळं आकाश लागतं. दाट झाडीतलं किंवा दरीतलं घर असेल तर आधी तपासा.

वीज गेल्यावरचा हिशोब: राउटर आणि फायबरचा डबा मिळून २० वॉट धरा. छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास; शिसे-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ४२. दोन तास, त्यातही यूपीएस स्वतः थोडी खातो. लॅपटॉप धरून ६० वॉट होत असतील तर १२.८ व्होल्ट २० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, तिच्यातून तीन तासांच्या वर काम निघतं. त्यापुढे मोबाइलच्या टॉवरच्याही बॅटऱ्या संपायला लागतात, तेव्हा दिवसभराच्या खंडाला मोबाइल डेटा हा उपाय नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन काम करेन असं धरून चालू नका. एज्युरोम हे विद्यापीठांचं वायफाय विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांच्या खात्यावर चालतं, आणि पाहुण्यांच्या नेटवर्कवर कंपनीचं व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) बऱ्याचदा अडतं. जोडीदाराला खातं आणि ग्रंथालयाचं कार्ड मिळतं का, हे आताच, सही करण्याआधी विचारा.

काठावर

सगळ्यांचे मनापासून आभार. नाडीपरीक्षा, तुमचे प्रश्न जसेच्या तसे लिहून घेतले आहेत, उद्या फोन करते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. माझ्या कंपनीने "तत्त्वतः हरकत नाही" म्हटलंय, लेखी काही नाही. आणि विद्यापीठाने सामान हलवण्याचा खर्च देऊ केलाय. अटी वाढवून मागायच्या तर कशा मागायच्या, आणि मलाही तिथे काही काम मिळू शकेल का हे विचारणं बरं दिसेल का?

करारनामा

विचारणं बरंच दिसेल, फक्त वेळ हीच. लेखी देकार हातात आल्यापासून सही करेपर्यंतचे आठवडे हा एकमेव काळ असा असतो की विद्यापीठाला तुमची गरज तुमच्यापेक्षा जास्त असते. सही झाल्यावर तेच विभागप्रमुख सहानुभूतीने ऐकतील, पण त्यांच्या हातात पैसे नसतील. मुदत दोन आठवडे वाढवून मागा. "कुटुंबासह गाव बघायचं आहे" हे कारण पूर्ण सयुक्तिक आहे आणि बहुतेक जण ते मान्य करतात.

जोडीदारासाठी जागा मागताना तीन गोष्टी लेखी घ्या: जागा कायम की ठरावीक मुदतीची, तिचे पैसे कुठून येणार, आणि नवऱ्याची नोकरी गेली तर तुमची राहते का. दोन-तीन वर्षांच्या निधीवर तयार केलेली जागा निधी संपला की संपते. तुमचं घरून चालणारं काम पक्कं असेल तर अशा जागेपेक्षा ते टिकवणं जास्त शहाणपणाचं.

पण ते पक्कं करा. "तत्त्वतः" चालणार नाही. राज्य किंवा देश बदलत असेल तर कंपनीला तिथे कर, नोंदणी, कामगार कायदा सगळं लागू होऊ शकतं, आणि तुमचं रहिवासी म्हणून करदायित्वही बदलतं. बऱ्याच देशांत वर्षातले १८३ दिवस ही त्याची एक कसोटी असते, एकमेव नव्हे. मनुष्यबळ विभागाच्या होकारानंतर कर विभाग नकार देतो, असं वारंवार होतं. म्हणून नवा पत्ता, सुरू होण्याची तारीख आणि पगारात बदल आहे की नाही, एवढं असलेलं पत्र घ्या. देश बदलत असेल तर आश्रित व्हिसावर काम करायची मुभा आहे का, हे सगळ्यात आधी.

सामान हलवण्याच्या खर्चात परतफेडीची अट असते. एक किंवा दोन वर्षांच्या आत सोडलं तर पैसे परत. ती रक्कम महिन्यागणिक कमी होत जाईल अशी लिहून घ्या. काही देशांत हा खर्च करपात्र उत्पन्न धरला जातो, म्हणजे हातात कमी येतं, तेही विचारा.

आता यात लोक ज्याकडे बघतच नाहीत ते. असं गाव एकाच मालकावर जगतं. विद्यापीठ आखडलं की शाळेच्या तुकड्या, दवाखान्यातले तज्ज्ञ, विमानाच्या फेऱ्या, घरांच्या किमती सगळं एकदम आखडतं. त्यामुळे विद्यापीठाची तब्येत ही गावाची तब्येत. एकूण विद्यार्थिसंख्या बघू नका, त्यात दूरशिक्षणाचे विद्यार्थी मिसळलेले असतात. प्रत्यक्ष गावात येऊन शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा पाच वर्षांचा आकडा काढा. तो घसरत असेल तर पुढची चार वर्षं एकूण आकडाही घसरणारच, कारण तेच विद्यार्थी पुढच्या वर्गांत जातात. सोबत लेखापरीक्षित ताळेबंद, वसतिगृहांवरचं कर्ज, बंद केलेले अभ्यासक्रम आणि भरती गोठवल्याच्या बातम्या बघा.

विभागाबद्दल नवऱ्याने तीन आकडे विचारावेत. गेल्या दहा वर्षांत किती जणांचं टेन्युअर विचारात घेतलं, किती मंजूर झालं, आणि किती जण त्याआधीच सोडून गेले. पहिले दोन सगळे सांगतात आणि ते छानच दिसतात. तिसरा सांगताना अडखळतात. बरेच नकार प्रत्यक्ष मतदानाआधीच, "तुम्ही दुसरीकडे बघा" या सल्ल्यातून होतात, आणि ते पहिल्या दोन आकड्यांत येत नाहीत.

आणि ही तारीख आजच कॅलेंडरवर मांडा: टेन्युअरचा निर्णय सहाव्या वर्षी, नकार आला तर साधारण एक शेवटचं वर्ष मिळतं. तेव्हा मुलगी १४-१५ वर्षांची असेल. शहरात नोकरी गेली तर माणूस नोकरी बदलतो. इथे नवऱ्याच्या विषयातलं दुसरं विद्यापीठच नाही, म्हणजे शाळेच्या सगळ्यात नाजूक वर्षांत अख्खं घर हलणार. हे मान्य आहे का, यावर दोघांनी आता बोलायला हवं. त्यावर उपाय म्हणजे तिसऱ्या वर्षीचा आढावा. बहुतेक ठिकाणी तो असतो. तो गुळमुळीत आला तर थांबू नका, तेव्हाच अर्ज सुरू करा. मुलगी ११ वर्षांची असताना हलणं खूप सोपं.

चौकट

घराबद्दल. पहिली दोन वर्षं तरी भाड्याने, यात शंका नको.

विद्यापीठाच्या गावात भाड्याची घरं वर्षातून एकदाच हलतात. सगळे करार एकाच सुमारास संपतात आणि सत्र सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधीच चांगली घरं जातात. सत्राच्या मध्यात शोधायला गेलात तर उरलेली, म्हणजे ओल आलेली किंवा विद्यार्थ्यांच्या गल्लीतली घरंच मिळतात. त्यामुळे होकार दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू.

सगळ्यात चांगली सोय म्हणजे संशोधन-रजेवर जाणाऱ्या प्राध्यापकाचं घर. सहा महिने ते वर्षभरासाठी, सामानासकट, शांत वस्तीत मिळतं आणि मालकाला भाड्यापेक्षा घर नीट राहण्याची काळजी जास्त असते. अशी घरं जाहिरातीत येत नाहीत, विभागाच्या कार्यालयात विचारावं लागतं. अडचण एकच, मालक ठरल्या तारखेला परत येतो, तेव्हा पुढच्या घराचा शोध चार महिने आधी सुरू करा.

घर बघायला गुरुवार ते शनिवार रात्री अकरानंतर जा. एका गल्लीचा फरक पडतो. दारासमोर पाच-सहा गाड्या आणि अंगणात जुना सोफा दिसला की ते घर विद्यार्थ्यांचं, आणि शेजारचं तुम्हाला नको. गावाबाहेर स्वस्तात मिळणाऱ्या घराला बऱ्याचदा स्वतःची विहीर किंवा बोअर आणि सेप्टिक टाकी असते. पाणी दरवर्षी जंतू आणि नायट्रेटसाठी तपासावं लागतं. आसपास शेती असेल तर नायट्रेटकडे लक्ष द्या, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, आणि उकळल्याने ते कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. टाकी तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते. शेवटची कधी उपसली याची पावती मागा.

घाटमाथा

चौकट, एका मुद्द्यावर थोडा मतभेद. घराची किंमत भागिले वर्षाचं भाडं काढलं आणि ते १५च्या खाली आलं, तर एरवी विकत घेणं फायद्याचं मानतात. छोट्या गावांत ते बऱ्याचदा १५च्या खालीच येतं. मग दोन वर्षं भाडं भरत बसायचं का?

चौकट

ते गणित घर हवं तेव्हा विकता येतं असं धरून केलेलं आहे. इथे ग्राहक कोण? दरवर्षी नव्याने येणारे थोडे प्राध्यापक आणि दवाखान्यातले लोक. गावातल्या इस्टेट एजंटला सरासरी किंमत विचारू नका, घर विक्रीला लागल्यापासून विकलं जाईपर्यंत किती दिवस जातात ते विचारा, आणि ज्या वर्षी विद्यापीठाने भरती थांबवली होती त्या वर्षीचा आकडाही. तुम्हाला विकायची वेळ आली तर इतरांवरही तीच आलेली असेल. तिसऱ्या वर्षीचा आढावा चांगला आला की १५चं गणित खुशाल लावा. त्याआधी घेतलंच तर असं घ्या जे विद्यार्थ्यांना भाड्याने देता येईल: विद्यापीठापासून चालत पंधरा मिनिटांत, खोल्या स्वतंत्र, आणि नगरपालिका नात्यात नसलेल्या किती जणांना एका घरात राहू देते ते बघून.

पाटीपेन्सिल

शाळेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. प्राथमिक शाळा अशा गावांत बहुधा चांगल्या असतात, प्राध्यापकांची मुलं तिथेच जातात आणि पालक लक्ष घालतात. प्रश्न वरच्या वर्गांत येतो. शाळा एकच, तुकड्या दोन, त्यामुळे विषयांची निवड आखूड. मुलीच्या पुढच्या सहा वर्षांसाठी विचारायचं ते हे: वरच्या वर्गात भौतिकशास्त्र, उच्च गणित, दुसरी परकीय भाषा यांतलं काय दरवर्षी शिकवतात आणि काय पुरेशी मुलं जमली तरच? शाळेतल्या मुलांना विद्यापीठाचे वर्ग बसून करता येतात का? तशी सोय असेल तर शहरातल्या शाळेहूनही चांगलं शिक्षण मिळतं. वाचादोष किंवा शिकण्यातल्या अडचणींसाठी तज्ज्ञ लागणार असेल तर तो शाळेत आहे की आठवड्याने येतो, हेही.

मैत्रिणी दर एक-दोन वर्षांनी गाव सोडून जातात, हे मुलीला आधी सांगून ठेवा. पाहुण्या प्राध्यापकांची मुलं येतात, जीव लावतात आणि जातात. गावातल्याच कायमच्या कुटुंबांशी ओळख व्हावी म्हणून विद्यापीठाबाहेरचं काहीतरी निवडा, पोहण्याचा क्लब, गाण्याचा वर्ग, सार्वजनिक वाचनालय, काहीही. हे तुम्हा दोघांनाही लागू आहे. ओळखीचे सगळे एकाच विभागातले असले की तिथला वाद दुकानाच्या रांगेपर्यंत मागे येतो.

काठावर

फोन झाले. गुठळीचं इंजेक्शन हॉस्पिटलमध्ये देतात आणि ईसीजी रात्री शहरातल्या तज्ज्ञाकडे जातो. सीटी चोवीस तास, पण रात्री तंत्रज्ञ घरून येतो. रुग्णवाहिका रात्री दोन. मुदत दोन आठवडे वाढवून मिळाली आहे, आणि योगायोगाने त्यात त्यांच्या सत्राअखेरीची सुट्टी येते. आम्ही तिघी आणि नवरा दहा दिवसांसाठी जातोय. कंपनीला पत्रासाठी लिहिलं आहे.

नाडीपरीक्षा

रुग्णवाहिका दोन आणि इंजेक्शनची सोय, म्हणजे मुख्य अडचण नाही. तंत्रज्ञाला यायला किती मिनिटं लागतात तेवढं तिथे गेल्यावर विचारा. अर्ध्या तासाच्या आत असेल तर ठीक. जाताना सासूबाईंचा डिस्चार्ज सारांश, स्टेंटचं कार्ड, शेवटचा ईसीजी आणि औषधांची यादी बरोबर न्या, आणि त्या दहा दिवसांत एकदा स्थानिक डॉक्टरांना दाखवून तिथे त्यांची नोंद करून ठेवा. जुना ईसीजी हाताशी असला की नव्या ईसीजीत काय बदललं ते रात्रीच्या डॉक्टरला लगेच दिसतं.

तारायंत्र

राहायला घर घेताना त्या घरात कुठल्या कंपनीची लाइन आहे ते आधी विचारून घ्या, आणि जमलं तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या घरांत पाच-पाच दिवस राहा. पिंगची चाचणी दोन्हीकडे होईल. लॅनची केबल बरोबर न्या, भाड्याच्या घरात ती नसतेच.